स्वभावाला औषध नाही

व्होडव्हिलच्या, म्हणजे सुट्या प्रवेशांचे खेळ करत गावोगाव फिरणाऱ्या अमेरिकन रंगभूमीच्या, नटाला एक मोठी चैन होती. पंधरा-सतरा मिनिटांचा एक प्रवेश त्याने एकदा घोटून बसवला की तो पुढची कित्येक वर्षे पुरायचा. आज शिकागो, उद्या क्लीव्हलंड, परवा बफेलो. गाव बदलले की प्रेक्षक नवा, आणि प्रेक्षक नवा म्हटल्यावर विनोदही नवाच. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात टाळ्या घेणारे कितीतरी कलावंत दोन-तीन प्रवेशांवर अर्धे आयुष्य काढत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रेडिओने ही चैन अक्षरशः एका रात्रीत संपवली. सगळा देश एकाच वेळी ऐकतोय म्हटल्यावर आजचा विनोद उद्या करायला गावच शिल्लक उरले नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा उभे राहायचे, आणि तेही वर्षातले ३९ आठवडे.

अमेरिकन रेडिओवरचा विनोद समजून घ्यायचा तर या अडचणीपासून सुरुवात करणे बरे. साधारण १९३० ते १९५० ही वीस वर्षे त्या रेडिओचा सुवर्णकाळ मानली जातात. त्या काळात जे कार्यक्रम टिकले, ते सगळे या एकाच अडचणीवर शोधलेले वेगवेगळे तोडगे आहेत. चुटक्यांचा साठा कितीही मोठा असला तरी तो संपतोच. माणसाचा स्वभाव मात्र दर आठवड्याला नव्या प्रसंगात टाकता येतो आणि तो प्रत्येक वेळी आपल्या वळणावरच जातो. हे ज्यांच्या लवकर लक्षात आले ते तरले. बाकीचे चांगले विनोदी नट असूनही मागे पडले. पुढच्या प्रकरणांत एकेका कार्यक्रमाचा स्वतंत्र परिचय येईल. त्याआधी ही सगळी मंडळी कोणत्या परिस्थितीत काम करत होती, हे सांगणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने नोव्हेंबर १९२० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल प्रसारित केले, तेव्हा रेडिओ ही हौशी लोकांची खटपट होती. १९२६ मध्ये एनबीसी आणि १९२७ मध्ये सीबीएस ही जाळी उभी राहिली आणि न्यूयॉर्कचा आवाज दूरच्या शेतघरांपर्यंत जाऊ लागला. १९३० च्या जनगणनेत घरात रेडिओ आहे का, हा प्रश्न मुद्दाम विचारला गेला. दहांपैकी चार घरांत तो होता. दहा वर्षांनी हे प्रमाण दहांत आठच्या वर गेले. मधली दहा वर्षे महामंदीची होती. नाटकाचे तिकीट परवडत नव्हते, पण एकदा विकत घेतलेला रेडिओ फुकट हसवत होता. १९३२ मध्ये पॅलेस थिएटरही चित्रपटगृह झाले आणि बेकार झालेल्या नटांची रांग रेडिओच्या दाराशी लागली.

तिथे त्यांना पहिला धक्का बसला तो शांततेचा. एड विन हा रंगभूमीवरचा नावाजलेला विदूषक. १९२२ मध्ये त्याने आपले नाटक मायक्रोफोनसमोर करून पाहिले, तेव्हा हशा यायच्या जागी काहीच आले नाही आणि तो गांगरला. शेवटी इमारतीत हाताशी सापडतील ती माणसे गोळा करून त्याने त्यांना समोर बसवले आणि मग त्याला सूर सापडला. दहा वर्षांनी तो टेक्साको कंपनीच्या कार्यक्रमात आला, तेव्हा स्टुडिओत रीतसर प्रेक्षक होते आणि त्यांच्यासाठी तो रंगीबेरंगी पोशाख करून उभा राहत असे. घरी ऐकणाऱ्यांना तो पोशाख दिसत नव्हता, पण त्याने पिकवलेला हशा ऐकू येत होता. स्टुडिओत प्रेक्षक हवेत की नकोत, यावर पुढे बराच वाद झाला. एकटा माणूस घरात सहसा मोठ्याने हसत नाही, चार जणांचे हसणे कानावर पडले की तोही हसतो, हे मात्र सगळ्यांना कळून चुकले.

दुसरा धक्का खर्चाचा. पैशांचा नव्हे, विनोदांचा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे जाहिराती आणि गाणी वजा जाता वीसेक मिनिटांचे बोलणे. विनोदी नट बॉब होप यासाठी लेखकांचे अख्खे पथक पदरी बाळगी. प्रत्येकाने पानेच्या पाने विनोद लिहून आणायचे आणि त्यातले मोजकेच ठेवायचे, अशी त्याची रीत. फ्रेड ॲलनची तऱ्हा वेगळी. हाताखाली लेखक असले तरी तो आपल्या कार्यक्रमाचा मोठा भाग स्वतः लिही, रोज ढीगभर वर्तमानपत्रे वाचून त्यातली कात्रणे खिशात घेऊन हिंडे आणि त्यापायी तब्येत बिघडवून घेई. १९५४ मध्ये त्याने आपल्या रेडिओच्या दिवसांवर पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावात त्याने रेडिओला विस्मृतीकडे नेणारा पायरहाट म्हटले आहे. त्यात गंमत आहे आणि थकवाही आहे.

जॅक बेनीने या खर्चावर जो उपाय काढला तो सगळ्यांत शहाणपणाचा ठरला. इलिनॉयमधल्या वॉकीगन गावात वाढलेला हा व्हायोलिन वाजवणारा मुलगा १९३२ मध्ये रेडिओवर आला. पहिली काही वर्षे तोही चुटकेच सांगत होता. हळूहळू त्याने आणि त्याच्या लेखकांनी ‘जॅक बेनी’ नावाचा एक इसम घडवला. हा इसम कमालीचा चिक्कू. घराच्या तळघरात त्याची तिजोरी, आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला पहारेकरी. वय विचारले तर कायम ३९. व्हायोलिन भिकार वाजवतो, पण स्वतःला उस्ताद समजतो. गाडी म्हणजे खोकत, धापा टाकत निघणारी जुनी मॅक्सवेल. एकदा गाडीच्या आवाजाची तबकडी ऐन वेळी वाजेना, तेव्हा मेल ब्लँक या नकलाकाराने तोंडानेच तो आवाज काढला आणि तोच पुढे कायम झाला. खरा बेनी उदार होता आणि व्हायोलिनही बऱ्यापैकी वाजवी. उतारवयात त्याने वाद्यवृंदांच्या मदतीसाठी कितीतरी जलसे केले. श्रोत्यांना याच्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या लेखी बेनी म्हणजे तो चिक्कू.

या व्यवस्थेत आणखी एक खुबी होती. कार्यक्रम बेनीचा, पण हशा बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या वाक्यांना. निवेदक डॉन विल्सन, गायक डेनिस डे, बँडचा म्होरक्या फिल हॅरिस, प्रत्यक्षात पत्नी असलेली मेरी लिव्हिंगस्टन आणि नोकर रोचेस्टर, हे सगळे मिळून मालकाची फजिती करत. मालक फक्त दुखावल्यासारखा थांबे. या थांबण्यावरच त्याची सारी कीर्ती उभी आहे.

२८ मार्च १९४८ चा भाग या दृष्टीने जवळून पाहावा. शेजारी राहणाऱ्या रोनाल्ड कोलमन या नटाला नुकतेच ऑस्कर मिळालेले असते. ते बेनी उसने घेतो आणि रात्री पायी घरी निघतो. वाटेत एक लुटारू अडवतो आणि पैसे तरी दे नाहीतर जीव तरी, असे दरडावतो. पुढे काही नाही. बेनी गप्प. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण, आणि इथे ती मुद्दाम ठेवलेली. स्टुडिओतले लोक हसू लागतात, हसू वाढत जाते, आणि ते ओसरता ओसरता लुटारू चिडून पुन्हा विचारतो. तेव्हा बेनी त्याच्यावरच डाफरतो की मी विचार करतोय ना! हा प्रसंग मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकाबेरी यांनी लिहिला. जोसेफ्सबर्गच्या आठवणीप्रमाणे ही ओळ सुचली तीसुद्धा अशीच. पुढे काय, म्हणून तो जोडीदाराच्या मागे लागला आणि जोडीदार वैतागून जे बोलला तेच उत्तर ठरले. रेडिओच्या इतिहासातला सर्वांत लांब हशा हाच, अशी दंतकथा आहे. ती खरी नाही, बेनीच्याच कार्यक्रमात याहून मोठे हशे आलेले आहेत. पण शब्दाविना इतके हसवणे फक्त याच माध्यमात आणि फक्त याच माणसाला शक्य होते. त्या शांततेत काय चालले आहे ते लाखो लोकांना बरोबर कळत होते, कारण सोळा वर्षे ते त्याला ओळखत होते.

याच सुमाराला गाजलेल्या ‘फिबर मॅगी अँड मॉली’ने हा हिशेब आवाजांच्या साहाय्याने मांडला. इलिनॉयमधल्याच पिओरियाचे जिम आणि मॅरियन जॉर्डन हे जोडपे एप्रिल १९३५ पासून हा कार्यक्रम करत होते. लेखक डॉन क्विन. नवरा बढाईखोर, बायको समजूतदार. नवरा दर मंगळवारी काहीतरी दुरुस्त करायला किंवा शोधून काढायला निघणार, शेजारीपाजारी एकामागून एक येऊन त्याच्या फुग्याला टाचणी लावणार. मार्च १९४० मध्ये त्यांच्या घरातले एक कपाट प्रथम उघडले गेले. दार करकरले आणि आतले सगळे सामान धडाधड कोसळले. स्टुडिओत कपाट नव्हतेच. ध्वनिपरिणामाचा माणूस एका छोट्या जिन्याच्या पायऱ्यांवर डबे, चाकांचे बूट, भांडी, काठ्या असा सगळा पसारा रचून ठेवी आणि खूण मिळाली की ढकलून देई. सगळे कोसळून झाले, क्षणभर शांतता झाली, की शेवटी एक लहानशी घंटी किणकिणे. हशा त्या घंटीला. क्विन हे कपाट दर आठवड्याला उघडत नसे. कधीकधी नवरा दाराजवळ जाई, श्रोते कान टवकारत, आणि दार उघडायचे राहून जाई. त्यालाही हशा येई. कपाट आवरायचे पुढच्या आठवड्यावर ढकलणारा मॅगी हा आपल्या ओळखीचाच गृहस्थ आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

स्वभावाचे हे सूत्र न सापडल्याने काय होते, ते जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांच्या बाबतीत दिसते. सुरुवातीची कित्येक वर्षे हे दोघे रेडिओवर एकमेकांची थट्टा करणारे तरुण-तरुणी म्हणूनच वावरत. १९३३ मध्ये ग्रेसी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत अचानक घुसू लागली आणि देशभर त्याची चर्चा झाली. १९४० मध्ये तर तिने अध्यक्षपदाची लुटुपुटूची निवडणूक लढवली. पण त्याच सुमाराला श्रोते घटू लागले. या दोघांचे लग्न होऊन मुले मोठी होत आहेत हे सगळ्यांना ठाऊक असताना प्रेमातली छेडाछेड खोटी वाटत होती. मग त्यांनी रेडिओवरही नवरा-बायको व्हायचे ठरवले. ग्रेसीचे उफराटे तर्कशास्त्र घरसंसाराला लागू होताच कार्यक्रम पुन्हा उभा राहिला.

एडगर बर्गनचे उदाहरण सगळ्यांत चमत्कारिक. हा शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करणारा. रेडिओवर ओठ दिसतच नाहीत, मग कौतुक कशाचे? डिसेंबर १९३६ मध्ये गायक रूडी व्हॅलीच्या कार्यक्रमात तो पाहुणा म्हणून आला आणि पाच-सहा महिन्यांत त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. कारण एकच. त्याचा बाहुला, चार्ली मॅकार्थी, हा आगाऊ, चावट, मोठ्यांना न जुमानणारा पोरगा होता आणि श्रोत्यांनी त्याला पोरगा म्हणूनच स्वीकारले. कान फसायला तयार असतात, फक्त समोरच्याचा स्वभाव पक्का हवा.

कान असे फसतात, याची दुसरी बाजू मात्र काळी आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगता येत नाही. रेडिओचा पहिला देशव्यापी विनोदी कार्यक्रम ‘एमॉस अँड अँडी’ मार्च १९२८ मध्ये शिकागोत सुरू झाला आणि पुढच्या वर्षी एनबीसीवर आला. दक्षिणेतून शहरात आलेल्या दोन कृष्णवर्णीय मित्रांची ही गोष्ट, पण त्यांचे आवाज देणारे फ्रीमन गॉस्डन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघे गोरे. ऐन भरात श्रोत्यांची संख्या चार कोटींच्या घरात असल्याचा अंदाज केला जाई. तो कार्यक्रम लागायच्या वेळी चित्रपटगृहांचे मालक खेळ थांबवून सभागृहात रेडिओ लावत. गॉस्डन-कॉरेल यांचे कथा लांबवण्याचे कसब आणि पात्रांबद्दलचा जिव्हाळा आजही ऐकू येतो, आणि अडाणीपणावरचे, मोडक्या इंग्रजीवरचे विनोदही ऐकू येतात. कृष्णवर्णीयांचे वर्तमानपत्र ‘पिट्सबर्ग कुरिअर’ने १९३१ मध्येच निषेधाची मोहीम काढून दहा लाख सह्या गोळा करायचे ठरवले होते. लोकांना तेव्हा कळत नव्हते, हे समर्थन त्यामुळे टिकत नाही. ज्यांना झोंबत होते त्यांना तेव्हाच कळत होते.

स्वभावाची पुनरावृत्ती हेच ज्या विनोदाचे भांडवल, त्यात एका माणसाचा स्वभाव हळूच एका समाजाचा स्वभाव होऊन बसतो. ब्यूला ही कृष्णवर्णीय मोलकरीण आधी मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाच्या आवाजात लोकप्रिय झाली. १९४७ मध्ये ती भूमिका हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडे गेली. एडी अँडरसन हा अभिनेता १९३७ मध्ये बेनीच्या कार्यक्रमात रेल्वेतला हमाल म्हणून एका भागापुरता आला आणि रोचेस्टर नावाने कायमचा राहिला. सुरुवातीला त्याच्याही वाट्याला जुगार, दारू असले ठरीव विनोद होते. युद्धानंतर बेनीने ते कटाक्षाने कमी केले. मग उरला तो मालकाला पुरता ओळखून असलेला, त्याला तोंडावर खरे सुनावणारा माणूस, आणि विनोद आधीपेक्षा सरस झाला.

या मंडळींच्या डोक्यावर आणखी एक मालक होता, तो म्हणजे जाहिरातदार. कार्यक्रम बहुधा जाहिरात संस्था तयार करत, केंद्र केवळ वेळ विकत असे. बेनीचा कार्यक्रम आधी कॅनडा ड्राय सरबताचा, मग जेलोचा, मग लकी स्ट्राइक सिगारेटचा. मॅगीच्या घरात निवेदक पाहुणा म्हणून येई आणि गप्पांच्या ओघात जॉन्सनच्या मेणाची तारीफ सुरू करी. मॅगी त्याला थांबवायला बघे आणि जाहिरातच एक प्रवेश होऊन जाई. सगळ्यांनाच हा समेट जमला नाही. २० एप्रिल १९४७ ला फ्रेड ॲलनने केंद्राच्या उपाध्यक्षांची टर उडवली. कार्यक्रमांतून कापलेले सेकंद साठवून ते स्वतःची सुट्टी वाढवतात, असा काहीसा विनोद होता. एनबीसीने त्याच क्षणी आवाज बंद केला. पुढच्या काही दिवसांत त्यावर थट्टा करणाऱ्या बॉब होप आणि रेड स्केल्टन यांचाही आवाज तसाच तोडला गेला. त्याच्या दहा वर्षे आधी मे वेस्ट या नटीने ॲडम-ईव्हच्या प्रवेशात जो गहजब उडवला तो याहून बोलका. संहिता आधीच मंजूर झालेली होती, त्यात आक्षेपार्ह असे काही नव्हते. तिने ती ज्या सुरात वाचली त्यावर देश बिथरला. कात्री शब्दांना लावता येते, आवाजाच्या वळणाला लावता येत नाही.

हे सारे जिवंत चाले. पूर्व किनाऱ्यासाठी एकदा कार्यक्रम करायचा आणि काही तासांनी पश्चिमेसाठी तोच पुन्हा, अशी बऱ्याच कार्यक्रमांची रीत होती. ध्वनिमुद्रण करून ऐकवायला मोठ्या केंद्रांचा विरोध होता. तो १९४६ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने मोडला. पुढच्याच वर्षी चुंबकीय फीत आली आणि तिच्यासोबत नको ते कापायची आणि हवा तिथे हशा जोडायची सोयही आली. १९४८-४९ मध्ये सीबीएसच्या विल्यम पेलीने एनबीसीचे तारे फोडले. त्यामागे कराचा साधा हिशेब होता. कलावंताच्या मिळकतीवर वरच्या पातळीला ७० टक्क्यांहून जास्त आयकर, पण त्याने आपल्या कार्यक्रमाची कंपनीच विकली तर नफ्यावर २५ टक्के. आधी गॉस्डन-कॉरेल गेले, मग बेनी. फ्रेड ॲलनला मात्र दूरध्वनीवरून बक्षिसे वाटणाऱ्या ‘स्टॉप द म्युझिक’ या कार्यक्रमाने आडवे केले. माझा कार्यक्रम ऐकताना तुमचे बक्षीस हुकले तर ५,००० डॉलरपर्यंत भरपाई देईन, असे त्याने जाहीर करून पाहिले. श्रोते परतले नाहीत. जून १९४९ मध्ये तो थांबला.

दूरचित्रवाणीने रेडिओचा विनोद मारला असे म्हणतात, पण तिने तो बव्हंशी उचलून नेला. ल्युसिल बॉलची ‘आय लव्ह ल्युसी’ १९५१ मध्ये सुरू झाली. तिचे लेखक बॉलच्याच ‘माय फेव्हरिट हसबंड’ या रेडिओ मालिकेतून आले होते. तेच घर, तेच शेजारी, तोच दर आठवड्याला अंगाशी येणारा बेत. आज ज्याला सिटकॉम म्हणतात, त्याची घडी रेडिओने बसवली.

मराठी श्रोत्याला ही घडी परकी नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलेल्या पिढीला टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत आठवतात ते त्यांच्या वाक्यांमुळे नव्हे. ही माणसे कशावर काय म्हणतील हे आधीच ठाऊक असे आणि ते ऐकण्यातच मजा असे. चिमणरावांचे तेच. ब्रिटिश रेडिओवरचा विनोद मात्र या पुस्तकात जाणूनबुजून घेतलेला नाही. बीबीसीवर जाहिरातदार नव्हता, त्यामुळे तिथले तोडगे निराळे. ‘गून शो’चा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हा अहमदनगरात जन्मलेला आणि पुण्यात काही बालपण गेलेला. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

शेवटी ऐकण्याबद्दल. हे कार्यक्रम वाचायचे नाहीत, ऐकायचे आहेत. १६ इंची तबकड्यांवर, युद्धात ॲल्युमिनियम दुर्मीळ झाल्यावर काचेवरही, जे मुद्रित झाले त्यातले बरेच आज इंटरनेटवर सहज मिळते. काही भागांत जाहिराती नसतात, कारण ते सैनिकांसाठीच्या प्रती असतात. ‘व्हिक अँड सेड’सारख्या सुरेख कार्यक्रमाच्या कितीतरी तबकड्या मात्र फेकून दिल्या गेल्या. नवख्या श्रोत्याची सहसा एक चूक होते. तो थेट नावाजलेला भाग लावतो, म्हणजे लुटारूचा, आणि इतके काय त्यात, असे म्हणून बंद करतो. तसे करू नये. बेनीचे १९४६-४७ च्या सुमाराचे कोणतेही आठ-दहा साधे भाग ओळीने ऐकावेत. दोन-चार फसलेले निघतील, ऋतुमानाचे आणि त्या काळच्या नटनट्यांचे संदर्भ डोक्यावरून जातील, जाऊ द्यावेत. मॅक्सवेल निघते कशी, तिजोरीचा पहारेकरी बोलतो कसा, रोचेस्टर फोनवर काय ऐकवतो, एवढे अंगवळणी पडू द्यावे. मग मार्च १९४८ चा तो भाग लावावा. लुटारूने प्रश्न विचारल्यावर बेनी उत्तर देण्याआधीच तुम्ही हसलात, तर समजावे की आता तुम्हीही त्याला ओळखू लागला आहात. पुढची प्रकरणे मग खुशाल कोणत्याही क्रमाने वाचावीत.